बहुमताविरुद्ध एकट्याने उभं राहायचं असेल तर

बैठकीत सगळ्यांच्या माना होकारार्थी हलत असतात आणि तुम्हाला आतून ठामपणे वाटत असतं, की हे चुकतंय. अशा वेळी मिळणारा सल्ला बहुतेकदा ‘धीर धरा, बोला’ एवढाच असतो. धीर लागतोच, पण तो पुरत नाही. एकट्याचं मत टिकतं ते आधी केलेल्या तयारीवर आणि नंतरच्या चिकाटीवर. प्रत्यक्ष बोलण्याची दोन मिनिटं या सगळ्यातला सर्वांत छोटा भाग असतो. घरात, कचेरीत, मित्रमंडळात, एखाद्या संस्थेत, कुठेही तुम्ही अल्पमतात असाल तर काय आणि कोणत्या क्रमाने करावं, ते इथे मांडतो आहे.

एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्या: तुम्ही बोललात की सगळे लगेच पटून तुमच्या बाजूला येतील. तसं फार क्वचित घडतं. तुमचं पहिलं काम जिंकणं नाही, एकमत मोडणं आहे.

दबाव कुठून येतो

१९५०च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी लांब आहे, ते मोठ्याने सांगायचं. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारं. खोलीत खरा सहभागी एकच, बाकीचे सगळे ॲशने आधी पढवून ठेवलेले. ते एकामागून एक तेच चुकीचं उत्तर देत आणि खऱ्या माणसाची पाळी शेवटाकडे येई. जिथे एकट्याने उत्तर देताना शंभरात एखादी चूकही होत नव्हती, तिथे या दबावाखाली सुमारे ३७ टक्के उत्तरं चुकली.

हा प्रयोग सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘माणूस मेंढरासारखा वागतो’ असा निष्कर्ष काढतात. मला तो अन्यायाचा वाटतो. जवळपास चौथा हिस्सा माणसं एकदाही बधली नाहीत. शिवाय ॲशने पुढे जे बदल करून पाहिले, त्यांतच आपल्या कामाच्या गोष्टी आहेत. विरोधातली माणसं तीन-चारच्या पुढे वाढवली तरी दबाव फारसा वाढला नाही. सहभागीला एक जरी खरं बोलणारा सोबती मिळाला, की चुका चौथाईवर आल्या. इतरांपेक्षा वेगळं बोलणारा तो माणूस स्वतः चुकत असला, तरीही दबाव सैल झाला. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही माणसं जास्त मोकळी झाली. आणि सोबती मध्येच फुटून बहुमताला जाऊन मिळाला, तेव्हा दबाव पुन्हा पहिल्याइतकाच झाला.

म्हणजे माणसाला दाबून टाकते ती समोरच्यांची संख्या नव्हे, त्यांचं एकमत. पुढच्या बऱ्याचशा पायऱ्या याच निरीक्षणावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: आधी स्वतःचं मत तपासा

अल्पमतात असणं हा आपण बरोबर असल्याचा पुरावा नाही. काही माणसांना विरोधाचीच गोडी लागते. तसे आपण नाही ना, हे पाहण्यासाठी एक कागद घ्या आणि आपलं म्हणणं एका वाक्यात लिहा. एका वाक्यात बसत नसेल, तर अजून ते नीट ठरलेलं नाही. ‘हे सगळंच चुकीचं चाललंय’ हे मत नव्हे, तो वैताग आहे. ‘चाचणी पूर्ण होण्याआधी आपण हे लोकांच्या हाती देऊ नये’ हे मत आहे.

मग बघा, ते कोणत्या जातीचं आहे. वस्तुस्थितीबद्दल असेल (हा पूल एवढं वजन पेलेल का, या औषधाने अपाय होतो का), तर पुरावा लागेल. सदसद्विवेकाचं असेल (हे करणं योग्य आहे का), तर आकडे मदत करतील, पण निकाल देणार नाहीत. तिथे तुमची भूमिका काय आणि का, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. आणि ते आवडीनिवडीचं किंवा सोयीचं असेल, तर बहुतेक वेळा सोडून द्यावं. सहलीला कुठे जायचं यावर ताठ राहणाऱ्या माणसाचं, गंभीर प्रश्नावर तो बोलू लागतो तेव्हा कुणी ऐकत नाही.

त्याच कागदावर समोरच्यांची बाजू लिहा, पण ती वाचून त्यांनी ‘हो, आम्ही हेच म्हणतोय’ म्हणावं अशी. हे अवघड असतं आणि म्हणूनच करायचं असतं. शेवटी स्वतःला विचारा: काय दिसलं तर मी माझं मत बदलेन? मुद्दा वस्तुस्थितीचा असूनही उत्तर ‘काहीच नाही’ असं येत असेल, तर थांबा. मग वाद पुराव्याचा राहिलेला नाही. दुसरं काहीतरी दुखावलं गेलंय आणि ते आधी ओळखायला हवं.

एवढं करूनही मत तसंच उभं राहिलं, तर ते तुमचं आहे. आता ते सोडू नका.

दुसरी पायरी: तुम्हाला नेमकं काय व्हायला हवंय?

निर्णय बदलायला हवा आहे का? तो थोडा पुढे ढकलला तरी चालेल का? निर्णय काहीही होवो, आपला विरोध नोंदला जावा एवढंच हवं आहे का? की इतरांनी करायचं ते करावं, मी त्यात हात घालणार नाही, असं आहे? या चार वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या एकत्र मागितल्या की एकही मिळत नाही.

पुष्कळ वेळा पुढे ढकलण्याची मागणी सर्वांत पदरात पडणारी असते. ‘हे करू नका’ यापेक्षा ‘आठवडाभर थांबून एवढी एक गोष्ट तपासू या’ याला लोक सहज तयार होतात, कारण त्यात कुणाला आपली चूक कबूल करावी लागत नाही.

तिसरी पायरी: किंमत मोजा, आणि खोटं शौर्य नको

मतासाठी उभं राहण्याची किंमत खरी असते. र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचा जाहीर पुरस्कार केला, तेव्हा त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपलं मासिक चालवलं, ते बहुतेक सुशिक्षित समाजाच्या तिरस्कारात आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेत. आज त्यांचं म्हणणं कुणालाही साधं वाटेल, पण किंमत मात्र त्यांच्या एकट्याच्या संसाराने मोजली.

म्हणून आधी हिशेब करा. काय जाऊ शकतं: नोकरी, नातं, राहण्याची जागा, मानसिक स्वास्थ्य, जिवाची सुरक्षितता? तुमच्यावर अवलंबून कोण आहे? नुकसान भरून निघण्यासारखं आहे का? शारीरिक धोका असेल तर एकट्याने, अचानक, भर सभेत उभं राहू नका. विश्वासातल्या माणसांना आधी सांगा, कागदपत्रांच्या प्रती सुरक्षित ठेवा, कायद्याचा सल्ला घ्या. आज गप्प राहून उद्या सुरक्षित जागेवरून बोलणं ही गद्दारी नव्हे.

पण दुसरा रकानाही भरा, गप्प राहण्याचा. आपण बोललो नाही तर कुणाचं काय नुकसान होईल? दोन वर्षांनी हे आठवलं तर आपल्याला स्वतःबद्दल काय वाटेल? लोक पहिला रकाना डोक्यात सतत भरत असतात, दुसरा कधी लिहीतच नाहीत, म्हणून गप्प राहणं नेहमी स्वस्त वाटतं.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. ज्यांना कमी किंमत पडते, त्यांनी आधी बोलायला हवं. ज्यांची नोकरी पक्की आहे, ज्यांचा शब्द घरात चालतो, जे वयाने आणि मानाने मोठे आहेत. नव्याने लागलेल्या मुलीने विरोध करावा आणि वीस वर्षं मुरलेल्या माणसाने नंतर कानात ‘बरं बोललीस’ म्हणावं, हे मला अतिशय चुकीचं वाटतं.

चौथी पायरी: बैठकीआधी एक माणूस शोधा

सगळ्या पायऱ्यांपैकी एकच जमणार असेल, तर ही करा.

ॲशच्या प्रयोगात एका सोबत्याने काय केलं ते वर आलंच आहे. स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात तर ते आणखी ठसठशीत दिसतं. दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देण्याचा आदेश (झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं) ४० पैकी २६ जणांनी शेवटपर्यंत पाळला. पण सोबतच्या दोघांनी आधी नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. आदेश तोच, खोलीही तशीच, फक्त नकार देणारं कुणीतरी डोळ्यांसमोर होतं.

माणूस शोधताना ‘माझ्या बाजूने बोलशील का?’ असं थेट विचारू नका. त्याने समोरचा अडचणीत येतो. ‘या प्रस्तावाबद्दल तुम्हाला काय वाटतं? मला तारखेची काळजी वाटतेय’ एवढं म्हणा आणि ऐका. ज्यांना तशीच शंका असेल, ते आपणहून बोलू लागतात. गप्प बसलेल्यांतले बरेच जण तुमच्या विरोधात नसतात. बाकी सगळ्यांना हे पटलंय असं समजून प्रत्येक जण आपली शंका गिळत असतो, आणि त्याचं गप्प राहणं पाहून शेजारचाही गप्प राहतो.

सोबती मिळाला, की कोण काय बोलणार ते ठरवून घ्या. त्याला मोठं भाषण करायला लावू नका. ‘मलाही हा मुद्दा तपासावासा वाटतो’ हे एक वाक्य पुरेसं आहे, फक्त ते तुमच्यानंतर लगेच यायला हवं. तो ऐनवेळी कच खाईल अशी शंका असेल, तर त्याच्यावर विसंबूच नका. फुटलेला सोबती नसलेल्या सोबत्यापेक्षा जास्त महाग पडतो.

कुणीच मिळालं नाही तर? मग दुसरा उपाय करा: बैठक चालवणाऱ्याला आधी सुचवा, की चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून द्यावं. लिहिताना माणसं जास्त खरं सांगतात.

पाचवी पायरी: आपली पत ओळखा

एडविन हॉलंडर या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये एक कल्पना मांडली. गटात राहून, गटाची कामं नीट करून माणूस विश्वासाची पुंजी साठवतो आणि वेगळं मत मांडताना ती खर्च करतो. अनुभवाला हे अगदी पटतं. जो वेळेवर येतो, नकोशी कामंही करतो, दुसऱ्यांच्या चांगल्या सूचनांना मोकळेपणाने दाद देतो, त्याचा ‘नाही’ लोक गंभीरपणे घेतात.

याचा अर्थ पुंजी साठेपर्यंत अन्याय बघत राहा असा नाही. कुणाच्या जिवाशी किंवा प्रतिष्ठेशी खेळ चालला असेल, तर पहिल्या दिवशीही बोलावं. एरवी मात्र आपला विरोध किरकोळ गोष्टींवर उधळू नका.

सहावी पायरी: बोला, लवकर आणि थोडक्यात

उशीर करू नका. तिघा-चौघांनी जाहीर होकार दिल्यावर तुमचं म्हणणं मान्य करायचं तर त्यांना शब्द फिरवावा लागतो, आणि शब्द फिरवणं कुणालाच आवडत नाही. पहिल्या दोन-तीन बोलणाऱ्यांत तुमचा नंबर लावा.

बोलण्याचा क्रम मी असा सुचवेन. आधी जे खरोखर पटतं ते म्हणा. मग तुमचं एका वाक्यातलं मत. मग एक कारण, सगळ्यांत भक्कम असलेलं. मग नेमकी मागणी. समजा काम ठरलेल्या तारखेला देण्याचा आग्रह चालला आहे: ‘तारीख पाळायला हवी हे मला मान्य आहे. पण चाचणी पुरी होण्याआधी हे बाहेर जाऊ नये असं माझं मत आहे. गेल्या वेळी याच टप्प्यावर सापडलेल्या दोषाने आपल्याला सगळं काम परत घ्यावं लागलं होतं. मला चार दिवस हवे आहेत, त्यात मी स्वतः हे करून देईन.’ एवढंच. पाच कारणं दिलीत, तर लोक त्यातलं सर्वांत लंगडं उचलतात, त्यालाच हाणतात आणि बाकीची चार आपोआप बाद होतात.

‘मला फारसं कळत नाही, पण’, ‘कदाचित मी चुकत असेन, पण’ अशी सुरुवात टाळा. आपणच आपलं म्हणणं कमी करून दिलं, की दुसरे ते आणखी कमी करतात. त्याचबरोबर ‘तुम्ही सगळे’ हे शब्दही टाळा. ते उच्चारले की समोरची विखुरलेली माणसं एका क्षणात एक गट होतात. ‘मला असं दिसतंय’ म्हणा. आवाज चढवू नका. घाई वाटू लागली की मुद्दाम एक श्वास घेऊन पुढचं वाक्य बोला. हात थरथरले किंवा आवाज कापला, तरी बोलत राहा. त्याने मुद्दा खोटा ठरत नाही.

सातवी पायरी: उलट येणाऱ्या गोष्टींची तयारी ठेवा

‘सगळ्यांना पटतंय, तुलाच काय अडचण आहे?’ हे पहिलं येतं. उत्तर: ‘सगळ्यांना पटलं असेल तर माझ्या शंकेचं उत्तर सहज देता येईल. ते ऐकायला मला आवडेल.’ मग गप्प राहा. त्या शांततेत तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, पण ती भरून काढणं तुमचं काम नाही.

हसण्यावारी नेलं, तर हसू ओसरू द्या आणि तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणा. तुमच्या स्वभावावर किंवा हेतूवर कुणी घसरलं, तर स्वतःचा बचाव करत बसू नका: ‘माझ्याबद्दल नंतर बोलू. चाचणीबद्दल काय ठरवायचं?’ ‘हे नंतर बघू’ असं म्हणाले, तर नंतर म्हणजे कधी ते तिथेच ठरवून घ्या.

सर्वांत फसवा डाव मात्र वेगळा असतो. पुरावा कुणी द्यायचा, ही बाजूच उलटवली जाते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाची रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी, इतक्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या नीट काम करणार नाहीत, म्हणून उड्डाण पुढे ढकला, असं दूरध्वनी बैठकीत सांगितलं होतं. त्यांच्यातले एक, रॉजर बॉइस्जॉली, यांनी नंतर सांगितलं की एरवी ‘उड्डाण सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावं लागे. त्या रात्री ‘ते सुरक्षित नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी अभियंत्यांवर आली. तसा ठाम पुरावा हातात नव्हता. व्यवस्थापनाने अभियंत्यांचं मत बाजूला ठेवून होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

हा प्रसंग तुमच्या बैठकीत ओळखायला शिका. ‘धोका आहे हे सिद्ध करून दाखवा’ असं कुणी म्हटलं की शांतपणे विचारा: ‘धोका नाही हे कुणी तपासलंय? ते कागद बघू या.’ अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या खात्यात फ्रान्सिस केल्सी यांनी १९६० मध्ये नेमकं हेच केलं. थॅलिडोमाइड हे औषध इतर देशांत विकलं जात होतं, कंपनीचा तगादा चालू होता आणि केल्सी खात्यात नव्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. माहिती अपुरी आहे, अमुक गोष्टीचा पुरावा द्या, असं म्हणत अर्ज वारंवार परत पाठवला. पुढे त्या औषधामुळे जगभर हजारो बाळं अविकसित हातपाय घेऊन जन्माला आल्याचं उघड झालं. केल्सींच्या हट्टामुळे अमेरिकेत ते तेव्हा बाजारात आलं नाही. चांगला प्रश्न चिकाटीने विचारत राहणं, हा विरोधाचा फार सभ्य आणि फार परिणामकारक मार्ग आहे.

आठवी पायरी: तेच बोलत राहा, पण कडू होऊ नका

सर्ज मॉस्कोविसी या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये ॲशचा प्रयोग उलटा केला. सहा जणांच्या गटात दोघेच पढवलेले, आणि ते निळ्या रंगाच्या पारदर्शिका ‘हिरव्या’ म्हणत. ते दोघे दर वेळी तेच म्हणाले, तेव्हा बाकीच्यांची ८ टक्क्यांहून थोडी जास्त उत्तरं ‘हिरवा’ अशी आली. तेच कधी हिरवा, कधी निळा म्हणू लागले, तेव्हा हा आकडा सव्वा टक्क्यावर घसरला. ८ टक्के थोडे वाटतात, पण समोर दिसणारा निळा रंगसुद्धा दोघांच्या सातत्याने हलू शकतो, तर खऱ्याखुऱ्या मुद्द्याला सातत्याची जोड किती उपयोगी पडेल, ते बघा.

या शोधाचा व्यवहारात अर्थ असा की आज ठाम आणि उद्या नरम असं होऊ देऊ नका. तपशिलात तडजोड करा, तारखेत करा, शब्दांत करा. गाभ्यात नको. कशात तडजोड चालेल आणि कशात नाही, हे घरून ठरवून निघा.

सातत्याला एक शत्रू आहे, कडवटपणा. इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. ते बरोबर होते. पण आपलं सविस्तर लिखाण त्यांनी १८६१ पर्यंत प्रसिद्ध केलं नाही, आणि मग विरोधकांना खुनी ठरवणारी खुली पत्रं लिहिली. १८६५ मध्ये, जग त्यांना मानण्याआधीच, ते वारले. दोष एकट्या त्यांच्या स्वभावाला देता येणार नाही. जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता आणि मृत्यूला आपलेच हात कारण आहेत, हे ऐकणं कुठल्याही डॉक्टरला असह्यच होतं. तरी त्यांच्या कथेतून घेण्यासारखं आहे ते हे: लिहायला उशीर करू नका, आणि समोरच्याला मत बदलता येईल अशी एक वाट मोकळी ठेवा. ‘तेव्हा ही माहिती कुणाकडेच नव्हती, आता आहे’ असं म्हटलं, तर माणूस मान खाली न घालता तुमच्याकडे येऊ शकतो.

नववी पायरी: लेखी नोंद

निर्णय विरुद्ध गेला तरी काम संपलेलं नसतं. त्याच दिवशी चार ओळींचं पत्र किंवा ईमेल पाठवा: काय ठरलं, माझं वेगळं मत काय होतं, त्याचं कारण, आणि कोणती लक्षणं दिसली तर पुन्हा विचार करावा. विशेषणं नकोत, राग नको, कुणाच्या हेतूबद्दल एक शब्द नको. इतिवृत्त लिहिलं जात असेल तर त्यात आपला विरोध आला आहे का, हे पुढच्या बैठकीत मंजुरीआधी वाचून पाहा.

अशी नोंद किती दूर जाऊ शकते, हे न्यायालयांच्या इतिहासात दिसतं. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी असा निकाल दिला, की स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंस राज खन्ना एकटे विरुद्ध होते. त्यांनी आपलं मत कारणांसह लिहून ठेवलं. पुढल्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा तो बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला. लिहून ठेवलेलं मत चार दशकं तिथेच, कुणालाही वाचता येईल असं, थांबून होतं.

घरातलं वेगळं असतं

घरात इतिवृत्त नसतं आणि बैठक संपल्यावर घरी जाता येत नाही, कारण आपण घरीच असतो. म्हणून इथे सगळ्यांसमोर बोलण्याआधी एकेकट्याशी बोला, आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांच्याशी सगळ्यांत आधी. ‘बाबा, तुमचा मान राखूनच सांगते, मी हे करणार नाही. याचा अर्थ मी तुमच्यापासून दूर गेले असा घेऊ नका.’ या वाक्यातली दोन्ही टोकं महत्त्वाची आहेत. नुसता नकार ऐकला की घरच्यांना तो आपलाच नकार वाटतो, आणि नुसता मान राखला की नकार कुणाला ऐकूच येत नाही.

जुनी उणीदुणी या वादात आणू नका. आणि एकाच बसण्यात सगळ्यांना पटवायचा प्रयत्न सोडा. घरातली मतं महिन्यांनी, कधी वर्षांनी हलतात, आणि ती हलतात तुमचं रोजचं वागणं पाहून. मत वेगळं असूनही तुम्ही आजारपणात धावून येता, कामाला हात लावता, हे घरच्यांनी पाहिलं, की त्यांची भीती कमी होते. अल्पमतातल्या माणसाबद्दल घराला जास्त भीतीच वाटत असते, राग कमी.

निर्णय झाल्यानंतर

हरलात तर दोनच प्रामाणिक मार्ग उरतात. मुद्दा सदसद्विवेकाचा नसेल, तर निर्णय मान्य करून काम मनापासून करा, मुद्दाम ढिलाई करू नका. मुद्दा सदसद्विवेकाचा असेल, तर त्या कामातून बाजूला व्हा आणि तसं उघड सांगा. वरून होकार आणि आतून अडवणूक हा तिसरा मार्ग तुमची पुंजी एका फटक्यात संपवतो.

नंतर तुम्हीच बरोबर होतात असं दिसलं, तर ‘मी म्हटलंच होतं’ हे तोंडातून येऊ देऊ नका. लोकांना ते आठवतच असतं. ‘आता पुढे काय करू या?’ असं विचारा. आणि तुम्ही चुकलात असं दिसलं, तर तितक्याच जाहीरपणे तसं सांगा. तुमचं वेगळं मत वाया गेलेलं नसतं. शार्लन नेमेथ या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनात असं दिसून आलं, की अल्पमत चुकीचं असलं तरी त्याच्यामुळे बाकीचे लोक प्रश्नाचा जास्त बाजूंनी विचार करतात. मात्र तो विरोध खरा असावा लागतो. कुणाला तरी मुद्दाम विरोधकाची भूमिका करायला सांगितली, तर तेवढा परिणाम होत नाही.

म्हणून ज्या दिवशी तुम्ही बहुमतात असाल आणि समोर कुणी एकटा उभा राहील, त्या दिवशी त्याला बोलणं पुरं करू द्या. बैठक तुम्ही चालवत असाल, तर आपलं मत शेवटी सांगा, सर्वांत नव्या माणसाला आधी विचारा, आणि ‘कुणाची हरकत नाही ना?’ याऐवजी ‘यात काय चुकू शकतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक मान हलवतात. दुसऱ्याला उत्तर द्यायला त्यांना विचार करावा लागतो.